वरच्या गावाची अंबाडी

सावंगी, तालुका सौंसर
११ नोव्हेंबर १९५६

व्याहीबुवा भैय्याजींना भगवंतराव कोहळे याचा नमस्कार.

काल सुखरूप पोचलो. तुमच्या हिवऱ्याहून निघताना आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चाललो आहोत हे आठवून मी गाडीत जरा ताठ बसलो होतो. पण हद्द कुठे लागली ते मला कळलं नाही, आणि बैलांनाही नाही. एक तारखेपासून तुम्ही मुंबईचे झालात आणि आम्ही भोपाळचे. आमच्या हातून नागपूर गेलं आणि नागपूरच्या हातून राजधानी. कन्हानला मात्र कोणी काही कळवलेलं दिसत नाही. ती अजून आमच्याकडून तुमच्याकडेच वाहते आहे.

तुम्ही घाटावर मला चार शब्द बोला म्हणालात आणि मी तासभर बोललो. पांढुर्ण्याला आयुष्यभर मास्तरकी केल्यामुळे समोर चार डोकी दिसली की माझं तोंड आपोआप उघडतं. तालुक्याच्या जनपद सभेच्या आरोग्य समितीवर घेतल्यापासून तर ते मिटतच नाही, असं आमच्या केसरबाईंचं मत आहे. ढोरं घाटावर धुऊ नका, नदी ही आई आहे, वगैरे सगळं मी सांगितलं. शेवटी लोक हसले. माझ्या विनोदाला हसले असं समजून मी आणखी दोन विनोद सांगितले.

खरं सांगू, तुमच्या नदीकाठी उभं राहिल्यावर मला अगदी घरच्यासारखं वाटलं. हिवाळ्यात आमच्या डोहाला येतो तोच वास. म्हटलं, विजयाला लांब दिली असं वाटत होतं, पण इथला वाससुद्धा ओळखीचा आहे.

तुमच्याकडे पाणी घेतलं नाही याचा राग नसावा. लेकीच्या घरी मूल खेळेपर्यंत तिथलं अन्नपाणी बापाने घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी स्वतःला सुधारक म्हणवतो, पण ती सुधारणा केसरबाईंच्या उंबरठ्याबाहेर सुरू होते. म्हणून पाण्याची सुरई सोबत आणली होती.

तुमचा,
भगवंतराव


हिवरा
२० डिसेंबर १९५६

भगवंतरावजी, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मला लिहिण्याचा आळस आहे आणि तो मी मोठ्या कष्टाने जपला आहे. व्याह्यांना लिही असं प्रभाकरला सांगणार होतो, पण तो म्हणाला, "बाबा, इवायाले तुमीच लिहा, मी जावई आहो."

तुमच्या भाषणाचा गावावर परिणाम झाला. आता आम्ही ढोरं घाटावर धूत नाही, घाटाच्या खालच्या अंगाला धुतो. मास्तर पुन्हा कधी येतात म्हणून लोक विचारतात. गंमत म्हणून विचारतात असं मी म्हणत नाही.

सूनबाईंची प्रकृती तशी ठीक आहे. जरा पोटाची तक्रार आहे. वैद्य म्हणाले, पाणी मानवत नसेल. यंदा आमच्याकडे पाणी जरा जड आहे. घरात सगळेच थोडे थोडे आजारी आहेत, त्यामुळे कोणाला एकटं वाटत नाही. विजयाबाई शिवाराच्या टोकाला गुणवंताची विहीर आहे तिथून पाणी आणतात. मी नको म्हटलं, पण त्यांना चालायची आवड दिसते.

नदीबद्दल एक अर्ज घेऊन नागपूरला गेलो होतो. साहेब म्हणाले, नदीचा वरचा भाग आता दुसऱ्या राज्यात आहे, तिकडच्या सरकारला लिहा. तिकडचं सरकार म्हणजे माझ्या ओळखीचे तुम्हीच. म्हणून लिहितो. सावंगीला नदी कशी आहे? सहज विचारलं.

भैय्याजी


सावंगी
२ जानेवारी १९५७

व्याहीबुवा,

विजयाच्या पोटाचं वाचून काळजी वाटली. लगोलग दोन टोपल्या संत्री पाठवत आहे. आमच्या बागेतली आहेत. पोटाला संत्र्यासारखं औषध नाही. घरातल्या सगळ्यांना द्या.

आमची नदी उत्तम आहे. गावाचा पाणवठा डोहाच्या वरच्या अंगाला असल्यामुळे पाणी काचेसारखं असतं. तुमच्या गावाने असं काही शिस्तीने करायला पाहिजे. मी इथे नदी-स्वच्छता मंडळ काढलं आहे. अध्यक्ष मीच आहे, चिटणीसही मीच, कारण दुसरं कोणी बैठकीला येत नाही. भोपाळला एक विस्तृत निवेदन धाडलं आहे, की हिवरा गावी नदीची फार दुर्दशा असून दोन्ही सरकारांनी लक्ष घालावं. तुमचं काम मी माझंच समजतो.

यंदा अंबाडी छान साधली. डोहात सगळ्या गावाच्या जुड्या वर दगड ठेवून बुडवल्या आहेत, त्यात सगळ्यात जास्त माझ्या. काड्या कुजून साल सुटली की वाख काढू आणि दोर वळू. तुमच्या विहिरींना चांगला दोर हवा असेल तर निःसंकोच कळवा. आपल्या माणसाला हातचं राखून काय द्यायचं?

भगवंतराव


हिवरा
२८ नोव्हेंबर १९५७

भगवंतरावजी,

वर्षभरात मी एकही पत्र लिहिलं नाही आणि तुम्ही अकरा लिहिलीत. त्यांच्यासोबत आलेली संत्री फार गोड होती.

नातवाच्या बारशाला आलो तेव्हा सावंगीच्या पाणवठ्यावर ओंजळभर पाणी प्यालो. काचेसारखं आहे, तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं. आता बाळ तीन महिन्यांचं झालं. त्याची आजी जयवंताबाई रोज पाळण्याची दोरी ओढून पाहते, रिकाम्या पाळण्याची. येत्या बुधवारी प्रभाकर गाडी घेऊन येईल. विजयाबाईंना आणि बाळाला पाठवावं.

भैय्याजी


सावंगी
३ डिसेंबर १९५७

व्याहीबुवा,

हे पत्र लिहिताना हात जड झाला आहे, पण बाप आणि आरोग्य समितीचा सभासद या दोन्ही नात्यांनी लिहिणं भाग आहे. मी विजयाला आणि बाळाला सध्या पाठवत नाही.

गेल्या हिवाळ्याची हकिगत मी तिच्याकडून खोदून खोदून काढली. नदीचं पाणी तोंडात घेववत नव्हतं. ती महिनाभर अंथरुणाला लागली होती, आणि ती म्हणे चालायची आवड म्हणून विहिरीवर जात होती. तुम्ही मला 'पाणी जरा जड आहे' असं लिहिलंत. आता तर कडेवर तीन महिन्यांचं लेकरू आहे. गावाने आपली नदी अशी नासून ठेवायची आणि लेकीबाळींनी ती प्यायची, हे मला पटत नाही. हिवऱ्याने आधी आपलं पाणी सुधारावं. तोवर पाळणा रिकामा राहिला तर त्याला माझा इलाज नाही.

केसरबाई म्हणतात, इतकं कडक लिहू नका. मी त्यांना सांगितलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

भगवंतराव कोहळे


हिवरा
७ डिसेंबर १९५७

भगवंतरावजी,

तुमचं पत्र घरात मोठ्याने वाचलं नाही. प्रभाकर रिकामी गाडी घेऊन परत आला तेव्हाच सगळ्यांना कळलं.

तुमचं म्हणणं खरं आहे. हे पाणी लेकराला देण्यासारखं नाही. मला भांडता येत नाही, आणि येत असतं तरी मुलीच्या बापाशी भांडून घरात सून येत नसते. एकच विनंती आहे. लेकीच्या घरी आता मूल आलं, रीत संपली. एकदा या आणि आमच्याकडे पाणी प्या. सुरई आणू नका. मग तुम्ही म्हणाल तसं करू.

भैय्याजी


सावंगी
१६ डिसेंबर १९५७

भैय्याजी,

तुमच्या घरून मी नीट निरोप न घेता निघालो. का निघालो ते तुम्हाला ठाऊक होतं, घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, म्हणून सविस्तर लिहितो. मूर्खाने आपली हकिगत स्वतः सांगावी. दुसरा सांगतो तेव्हा ती लांबते.

विहीणबाईंनी तांब्याभांडं पुढे केलं. मी घोट घेतला. थुंकावा असं वाटलं, पण व्याह्याच्या ओसरीवर थुंकणार कुठे, म्हणून गिळला. माझ्या तोंडाकडे सगळे पाहत होते आणि मी 'हं' एवढंच म्हणालो. इतक्या वर्षांत मी इतकं आखूड भाषण केलेलं नाही.

मग माझ्या अंगात आलं. ही घाण कोण करतो ते मी शोधून काढतो, असं तुम्हाला बजावून मी नदीच्या काठाने वर चालायला लागलो. प्रभाकर सोबत आला. वाटेत मी सगळ्यांवर संशय घेतला. एका धोब्याला दम दिला. तो म्हणाला, "मास्तर, वास तं वरून येऊन राहिला. माहे कपडेच घान होऊन राहिले, मी काय करू?" एका म्हसवाल्याला आरोग्याचे नियम सांगितले. त्याची म्हैस पाण्याला तोंड लावायला तयार नव्हती, त्यामुळे नियम तिला आधीच माहीत असावेत. मी मनात भोपाळला दुसरं निवेदन रचत होतो. गुन्हेगाराचं नाव लिहायला जागा सोडली होती.

पाणी वर वर काळं होत गेलं. बांबूच्या बेटाला वळसा घातला आणि डोह समोर आला. आमचा डोह. मी त्याला रोज वरून पाहतो, खालून कधी पाहिला नव्हता. पाण्यावर काळा फेस होता, मेलेले मासे काठाला लागले होते, आणि मधोमध दगडाखाली अंबाडीच्या जुड्या. जुडीला दोन आडवे वेढे आणि वर फास, अशी गाठ आमच्याच घरी बांधतात. गड्यांना मीच शिकवली आहे.

प्रभाकर एक शब्द बोलला नाही. तो तुमचाच मुलगा. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

भैय्याजी, घरच्यासारखा वास येतो असं मी तुम्हाला लिहिलं होतं. तुमच्या घाटावर उभं राहून तुम्हालाच स्वच्छता शिकवली होती. लोक कशाला हसले ते मला आत्ता कळलं, आणि त्यावर मी दोन विनोद जास्तीचे सांगितले होते. वरून पुन्हा दोर पाठवू का म्हणून विचारलं.

घरी येऊन विजयाला म्हणालो, तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बाबा, तिथं माहेरचं नाव कसं सांगू, अन् इथं सासरची तक्रार कशी सांगू? अन् सांगतलं असतं तं तुमी ऐकलं असतं काय? तुमी बोलता तवा दुसऱ्याले जागा कुठं राहते?" मला रडू आलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने लेकीसमोर रडावं हे शोभत नाही, पण शोभेचं माझ्याजवळ आता फारसं काही उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या सगळ्या जुड्या डोहातून काढल्या. अर्धवट कुजलेल्या, कोणत्याच कामाच्या नाहीत. गाव काठावर उभं राहून पाहत होतं. त्यांच्यातला नत्थूजी म्हणाला, "मास्तर, वाहतं पानी कुठं बाटते काय? अन् नदी काय तुमच्या इवायाची आहे?" माझ्या मंडळाने, म्हणजे मी, त्याला उत्तर दिलं, पण ते त्याला पटलं नाही. बाकीच्यांच्या जुड्या डोहातच आहेत. त्यामुळे पाणी अजून तसंच येणार.

माघापर्यंत वाख निघून जाईल आणि पाणी निवळेल. तेव्हा विजयाला आणि बाळाला मी स्वतः आणून सोडतो. पण पुढच्या हिवाळ्यात पाणी पुन्हा असंच आलं, तर मी तिला परत घेऊन येईन, आणि त्या वेळी दोष कोणाचा हे तुम्ही मला विचारायचं नाही.

भगवंतराव


हिवरा
४ मार्च १९५८

भगवंतरावजी,

पाळणा भरला. जयवंताबाई आता दोरी सोडत नाही, त्यामुळे घरात स्वयंपाकाचे हाल आहेत. ही तक्रार नाही.

तुमच्या मोठ्या पत्राला उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं सुचेना. मी तुम्हाला आधीच सरळ लिहायला पाहिजे होतं. पण मुलाच्या बापाने काहीही लिहिलं की मुलीच्या बापाला ते टोमणा वाटतं, म्हणून मी गोड गोड लिहीत गेलो आणि सूनबाई घागरी वाहत गेल्या. माझ्या चांगुलपणाचा भार त्यांच्या डोक्यावर होता.

वैशाखात आमच्या धाकट्या मुलीचं, अलकाचं लग्न करतो आहे. स्थळ खैरीचं आहे, आमच्या खाली दीड कोसावर, नदीकाठचं चांगलं घर. सहकुटुंब यावं. जेवायला थांबावं.

भैय्याजी


सावंगी
२२ ऑक्टोबर १९५८

भैय्याजी,

अंबाडी कापायला आली, म्हणून माझी बातमी कळवतो.

विहिरीला लागून बागेचा जो कोपरा आहे तिथे मी खड्डे खणले आहेत. संत्र्याची नऊ झाडं काढावी लागली. ऐन बहराला आलेली होती. तोडताना केसरबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे किती राग आला असेल ते तुम्ही समजा. नंतर म्हणाल्या, "झाडं पुन्ना लावता येतीन. पोरगी मातर एकच आहे." मग त्यांनी स्वतः दोन टोपल्या माती उचलली.

खड्ड्यात मोटेने विहिरीचं पाणी भरायचं, जुड्या बुडवायच्या, वाख निघाला की ते काळं पाणी कपाशीला द्यायचं. नदीत काहीच जात नाही. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचली असं सांगितलं असतं, पण पुस्तकात खड्ड्याची भिंत ढासळते हे लिहिलेलं नसतं. पहिले दोन खड्डे ढासळले. दुसऱ्यात मी होतो. नत्थूजीने मला ओढून काढलं आणि मग तासभर गावाला ते दृश्य करून दाखवलं.

त्याचा फायदा असा झाला की गाव खड्डा बघायला आलं. मी नदीमातेवर बोलायला सुरुवात केली तेव्हा निम्मे उठून गेले. मग नत्थूजीच म्हणाला, "मास्तर, तुमी बसा. पाहा रे, मार्गशीर्षात कमरेइतक्या गार पान्यात उभं राहून साल सोलाची, की इथं काठावर उन्हात बसून सोलाची?" एवढंच. माझी दोन वर्षांची भाषणं त्या एका वाक्याने झोपली. आता बाग सोडून आणखी सहा ठिकाणी खड्डे झाले आहेत. खड्ड्याचा वाख काळा पडेल म्हणून दोन घरं अजून डोहातच जाणार म्हणतात. त्यांच्या घरी मी रोज जातो. बोलत नाही, नुसता बसतो. माझ्या गप्प बसण्याची त्यांना भीती वाटायला लागली आहे.

भोपाळहून निवेदनाचं उत्तर आलं. हिवरा हे गाव आमच्या राज्यात नाही, सबब कागद दप्तरी दाखल केला आहे.

यंदाचं पाणी तुम्ही पिऊन मला कळवा. खरं काय ते कळवा, गोड लिहू नका. माझं सगळं त्यावर आहे.

भगवंतराव


हिवरा
१४ डिसेंबर १९५८

भगवंतरावजी,

खरं ते कळवतो. मुद्दाम थांबून, अंबाडीचा ऐन हंगाम पाहून लिहितो आहे.

पाणी साफ आहे, म्हणजे ती उरलेली दोन घरंही तुमच्या गप्प बसण्याला भ्यालेली दिसतात. विजयाबाई घाटावरूनच घागर भरतात आणि बाळाला तेच पाजतात. बाळ पावलं टाकायला लागलं आहे आणि सरळ नदीकडेच धावतं. मासे परत आलेत. जयवंताबाईंनी पहिली घागर भरली तेव्हा तुमचं नाव घेतलं, आणि आमच्याकडे विहीणबाई व्याह्याचं नाव चांगल्या कारणाने घेत नसतात. तुमच्या झाडांचं मला वाईट वाटतं. पण नातू ते पाणी पितो, याहून जास्त मी काय लिहू? मला लिहिता येत नाही.

आता माझी गोष्ट. तुम्ही पाणी साफ केलंत आणि मला अडचणीत टाकलंत.

परवा खैरीहून अलकाच्या सासऱ्यांचं पत्र आलं. फार गोड पत्र आहे, माझ्यापेक्षा गोड. लिहितात की यंदा त्यांच्याकडे पाणी जरा जड आहे, सूनबाईंना जरा पोटाची तक्रार आहे, आणि हिवऱ्याला नदी कशी आहे, सहज विचारलं. मी सवयीने उत्तर लिहायला बसलो, की काय करावं, वरची सावंगी मोठी घाणेरडी. एवढं लिहून झाल्यावर थांबलो. वरून तर पाणी काचेसारखं येतं. मग उठून घाटाच्या खालच्या अंगाला गेलो. तिथे तुमच्या भाषणापासून आम्ही ढोरं धुतो. त्याच्याही खाली आमच्या गावाची अंबाडी बुडते, बापजाद्यांपासून. मी तिथे वर्षातून एकदा जातो, तेही नाक दाबून. इतकी वर्षं वरून सगळं काळंच येत होतं, म्हणून त्यात आमचं किती हे कधी कोणाला दिसलं नाही. आता वर बोट दाखवायला कोणी उरलं नाही.

मी अलकाकडे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा पाणी घेतलं नाही. आमच्याकडेही तीच रीत आहे.

गावाला सांगायला मला भाषण येत नाही. सांगितलं तर म्हणतील, भैय्याजी, नदी काय तुमच्या इवायाची आहे. तेव्हा तुम्ही या. भाषण करू नका. कुदळ आणा, नत्थूजीला आणा. माझ्याकडे संत्र्याची झाडं नाहीत, पण घराच्या मागे चिंचेखाली जागा आहे.

अलकाला पाचवा महिना लागला आहे. भिंत ढासळू नये म्हणून खड्डा किती खोल घ्यावा, ते उलट टपाली कळवा.

भैय्याजी